रऊफाचा फाटका कान

रऊफाचा डावा कान फाटका होता, आणि तो कसा फाटला हे ज्याला माहीत नाही असा माणूस गावात शोधूनही सापडला नसता. कारण ती गोष्ट सांगायचा तिचा नवरा, कमांडर दिलावर. कमांडरनं गोष्ट सांगायला घेतली की ती शंभरदा ऐकलेली असली तरी हसावंच लागे. ज्याच्या दारात बंदुका उभ्या, त्याचा विनोद कधी शिळा होत नाही.

"पळापळीच्या वर्षी," असं म्हणून तो चहाचा पेला खाली ठेवायचा, की लोक आधीच हसायच्या तयारीला लागायचे. "गाव जळतंय, मळे जळतायत, बायकापोरं डोंगराकडं निघालेली. मी वर खिंडीत लढतोय. आणि आमची ही, खाली कुठल्याशा गोठ्यात, मिट्ट अंधारात, चार गावच्या बायकांच्या गर्दीत. कुणाचं तरी तान्हं भुकेनं किंचाळत होतं, हिनं घेतलं अंगावर. पोरगं दूध पिता पिता बसलं कानातली बाळी धरून! आणि असा दिला हिसका, बाळी गेली, कान फाटला! बाळीसकट पसार! अरे, असला एक जवान मला मिळाला असता ना, तर ती लढाई मी महिनाभर आधी संपवली असती!"

मग सगळे हसायचे. आतल्या बाजूला बायकाही हसायच्या. रऊफा तेवढी उठून चहाची किटली भरायला जायची, किटली भरलेली असली तरी.

आणि सनोबर मान खाली घालायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. सनोबरच्या पेटीत, तळाशी, तिच्या लेकीच्या बाळोत्याच्या पट्टीत गुंडाळून ठेवलेली एक चांदीची बाळी होती. कमांडरची गोष्ट ऐकताना तिला दर वेळी वाटायचं, ही पेटी आता आपोआप उघडणार आणि सगळ्यांच्या देखत वाजायला लागणार.

तिची लेक नीलाब. पळापळीच्या वर्षी पाळण्यात होती, आता गावच्या शाळेत नववी पास झाली, तीही पहिल्या नंबरानं. दहावीची शाळा पुलापलीकडं, बाजारात, आणि पुलावर कमांडरचा पहारा. नीलाबनं दहावीची जुनी पुस्तकं मामेबहिणीकडून आणून जाड कागदाची कव्हरंसुद्धा घालून ठेवली होती. नव्या वर्षाचा नौरोजचा सण झाला की शाळा सुरू व्हायची.

तेवढ्यात थंडीच्या शेवटी, द्राक्षाच्या वेलींची छाटणी चालू असताना, कमांडर दिलावर आपल्या मोठ्या मुलासाठी, इदरीससाठी, नीलाबला मागायला आला.

म्हणजे मागायला म्हणायचं आपलं. चार माणसं घेऊन तो यासीनच्या बैठकीत बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "यासीन, तुझी मुलगी आमच्या घरात शोभेल." यासीन हा सनोबरचा नवरा. माणूस सोन्यासारखा, वेलींशी बोलायचा, मेंढीच्या आजारपणात रात्र रात्र जागायचा. पण माणसांपुढं त्याचं मेलं पाणी पाणी व्हायचं. तो "हो" म्हणाला नाही आणि "नाही" तर म्हणालाच नाही. नुसता हसला. दुसऱ्याच दिवशी कमांडरची माणसं दारात उभी राहिली, आणि यासीननं रुमालानं झाकलेलं मिठाईचं तबक त्यांच्या हाती दिलं. आमच्याकडं मुलीच्या घरचं तबक गेलं की गोष्ट संपली. मग कुणी कुणाला काही विचारत नाही, मुलीला तर नाहीच नाही.

"तू हो म्हणालास?" सनोबरनं विचारलं.

"मी काहीच म्हणालो नाही गं," यासीन म्हणाला.

"तेच तर! तोंडात काय मूग होते?"

"आणि नाही म्हटलं असतं तर? आपल्या मळ्याचं पाणी त्याच्या वाड्यावरून येतं. उद्या त्यानं पाट फिरवला तर वेलींना काय माझे अश्रू घालू?" असं म्हणून तो बिचारा खरोखरच रडायला लागला. आता रडणाऱ्या माणसाला आणखी काय बोलणार? सनोबर आत निघून गेली.

कमांडरच्या घरात सुनांना काय मिळत नव्हतं? मांस रोज, दागिने, थंडीत कोळसा पोत्यानं. एक मिळत नव्हतं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला. थोरल्या पुतण्याची बायको लग्न होऊन आत गेली ती बाळंतपणाला बाहेर पडली, तीही खाटेवरून. तिथं दहावीची पुस्तकं कसली उघडताय!

नीलाब रडली नाही. सनोबरला त्याचीच जास्त भीती वाटली. पोरगी तंदूरच्या खोलीत येऊन बसली. छाटलेल्या वेलींचं जळण कडकड वाजत होतं. सनोबर भाकरी थापून तंदूरच्या भिंतीला चिकटवत होती.

"आई," नीलाब म्हणाली, "तुला एक सांगू? चूक तुझीच आहे."

"माझी?"

"मग काय! मला पाजताना तू जरासा आळस केला असतास तर काय बिघडलं असतं? शेजारणीच्या मांडीवर टाकायचं ना मला. रऊफाबीबीच्याच टाकायचं. आज मी इदरीसची बहीण असते आणि बाजारच्या शाळेत गेले असते." असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा असा काही वेडावाकडा झाला की सनोबरला बघवेना.

एका बाईचं दूध प्यालेली पोरं म्हणजे सख्खी भावंडं, त्यांचा निकाह म्हणजे महापाप, हे आमच्याकडं मेंढीच्या कोकरालाही कळतं. नीलाब थट्टेतच बोलली होती. पण सनोबरचा हात तंदूरमध्येच राहिला. मनगट भाजलं तेव्हा ती भानावर आली. भाकरी निखाऱ्यात पडून जळून गेली.

"आई! हात!"

"काही नाही झालं. तू जा. बोबोआजीला चहा दे जा," सनोबर म्हणाली. आणि पोरगी गेल्यावर ती तिथंच, राखेत, मटकन खाली बसली.

तिला सगळं माहीत होतं. आजवर तिला एकटीला माहीत होतं.

पळापळीत दोन दिवस चालून तिचं दूध आटलं होतं. भीतीनं म्हणा, तहानेनं म्हणा. नीलाब आधी रडली, मग किंचाळली, मग तिचा आवाजच बसायला लागला. आणि आमच्याकडं ज्या बाईचं दूध आटतं तिला लोक काय काय म्हणतात! नजर वाईट, मन काळं, खुदानं हात आखडता घेतला. सनोबर तेव्हा वर्षाची नवी सून. सासू, म्हणजे बोबो, शेजारीच झोपलेली. गोठ्यात कंदील लावायची सोय नव्हती, वरून विमानं फिरत होती. कोपऱ्यात एक बाई हुंदके देत होती. तिची तान्ही मुलगी त्याच दुपारी वाटेत गेली होती, रस्त्याकडेला दगडांखाली ठेवून आले होते सगळे. तो आवाज रऊफाचा, हे सनोबरनं ओळखलं. दूध दगडासारखं झालंय, छाती फुटतेय, असं ती म्हणत होती. सनोबर अंधारात सरपटत गेली, एक शब्द न बोलता पोर तिच्या मांडीवर ठेवली आणि मागे सरली. पोटभर पिऊन झाल्यावर तशीच उचलून आणली. उजाडल्यावर बघते तर पोरीच्या मुठीत चांदीची बाळी.

परत कशी देणार? द्यायची म्हणजे सांगायचं, की माझं दूध आटलं होतं. आज देऊ, उद्या देऊ, असं करता करता रऊफाचा नवरा कमांडर झाला, त्याची ती गोष्ट गावभर झाली, आणि बाळी पेटीत ती पेटीतच राहिली. त्यातून बोबो येताजाता सांगायची, "आमच्या सुनेच्या दुधाला तोड नाही! पळापळीत बाकीच्यांची पोरं सुकली, आमची नीलाब बघा, टरबुजासारखी!" ते ऐकून सनोबरला धरणीनं पोटात घ्यावंसं वाटायचं.

तंदूरपुढं बसून तिनं स्वतःलाच एक शिवी हासडली. अब्रू, अब्रू! पोरीचा गळा कापला जातोय आणि मी अब्रूवर पांघरूण घालत बसलेय!

दोन दिवसांनी रऊफा आली, मापाची पट्टी आणि हिरवं रेशमी कापड घेऊन. तिचा मात्र आनंद खरा होता. नीलाब तिला लहानपणापासून आवडायची. दर हंगामात पहिल्या मनुका वाळल्या की रऊफा तिच्यासाठी ओंजळभर वेगळ्या काढून पाठवायची. "ये गं, ये, उभी राहा नीट," ती नीलाबला म्हणाली. "कशी वाळली आहे बघा! आमच्याकडं ये, महिन्याभरात गोल करते तुला."

नीलाब खांबासारखी उभी राहिली. रऊफानं खांद्याचं माप घेतलं, हाताचं घेतलं. सनोबर म्हणाली, "नीलाब, बाहेर जा. कोंबड्यांकडं बघ."

"अगं, कमरेचं माप राहिलंय!" रऊफा म्हणाली.

"राहू दे. त्याची गरज पडायची नाही."

पोरगी गेली. सनोबरनं पेटी उघडली, तळ उपसला, बाळोत्याची पिवळी पडलेली पट्टी काढली आणि रऊफाच्या मांडीवर ठेवली.  तिनं हातानंच खूण केली, उघड.

रऊफानं पट्टी उलगडली. बाळी काळी पडली होती. तिनं ती तळहातावर घेतली आणि अंगठ्यानं घासून पाहिली. तिच्या उजव्या कानात तिची जोडीदार होती. ती तिनं कधी काढलीच नव्हती.

"माझं दूध आटलं होतं, रऊफाजान," सनोबर म्हणाली. "मी तुझ्या मांडीवर पोर ठेवली. नाव सांगितलं नाही. लाज वाटली. तुझी चोर आहे मी. मार, शिव्या दे, पण माझ्या लेकीला तिच्या भावाशी लग्न करायला लावू नकोस."

रऊफानं ना मारलं, ना शिव्या दिल्या. ती हळूच म्हणाली, "मुलगी होती?"

"हो."

"हे नेहमी पोरगं पोरगं म्हणतात. मला अंधारात काय कळणार? बाकीच्या गावांपैकी कुणाचं तरी असेल वाटलं. मी म्हणायचे, जिवंत असू दे बाई कुठंतरी." मग तिनं बाळोत्याची पट्टी तोंडावर दाबली आणि अशी काही रडली की सनोबरच घाबरली. "सनोबर, त्या रात्री मी मरणार होते गं. माझी शुकूफा दगडांखाली, आणि छाती दुधानं फुटतेय. तुझी पोर प्याली म्हणून मी जगले. आणि तू म्हणतेस चोर!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग रऊफानं नाक पुसलं, मापाची पट्टी गुंडाळली आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. "आता हे त्यांना कोण सांगणार?"

"मी."

"वेडी आहेस? तुला गोळी घालतील."

"मग तू सांग."

"मला दोन घालतील," रऊफा म्हणाली. आणि काय सांगू, दोघींना हसूच फुटलं. डोळे पुसता पुसता, तोंडावर पदर दाबून, पोरींसारख्या हसल्या. "दोघी सांगू," रऊफा म्हणाली. "जुम्म्याला निकाहाचा दिवस ठरवायला मंडळी तुमच्याकडंच येणार आहेत. मुल्ला बरकतही असेल. सगळ्यांच्या देखत सांगू, म्हणजे दाबता येणार नाही."

जुम्म्याला बैठक भरली. कमांडर, त्याचे दोन भाऊ, मुल्ला बरकत, गावातली दोन-तीन वयस्क मंडळी, आणि कोपऱ्यात पाहुण्यासारखा बसलेला घरधनी यासीन. पडद्याआड बायका. चहा झाला, साखरेत घोळलेले बदाम फिरले. मुल्लानं घसा खाकरला आणि नेमकं तेव्हाच पडद्यामागून सनोबरचा आवाज आला.

"मुल्लासाहेब, हा निकाह होत नाही."

बदाम चावायचा आवाजसुद्धा थांबला. यासीनचं तोंड उघडं ते उघडंच.

सनोबरनं सगळं सांगितलं. सांगताना ती मध्ये कुठं थांबली नाही. 'माझं दूध आटलं होतं' हे वाक्य तिनं पुरुषांनी भरलेल्या बैठकीत मोठ्यानं म्हटलं, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, की छप्पर काही कोसळलं नाही.

कोसळला तो कमांडर. "कारस्थान!" तो गरजला. "बायकांची कारस्थानं! मुलगी द्यायची नाही म्हणून सबब! आजवर तोंड शिवलं होतं काय? रऊफा! तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते खरं आहे," पडद्यामागून रऊफा म्हणाली. "बाळी माझ्या हातात आहे. दुसरी कानात आहे."

"बाळ्या बाजारात पैशाला पासरी मिळतात! मुल्लासाहेब, तुम्हीच सांगा, नुसत्या बायकांच्या सांगण्यावर होतं का असं?"

मुल्ला बरकतला त्या दिवशी थंडीतही घाम फुटला होता. माणूस घाबरट, कमांडर शिंकला तरी हा आशीर्वाद म्हणायचा. तो चाचरत म्हणाला, "आमच्या मजहबात साक्ष लागते. एक पुरुष आणि दोन बायका. या दोघींचा हा स्वतःचाच मामला, त्यांची मिळून एकच धरली तरी... म्हणजे..."

"दुसरी बाई मी!" पडदा बाजूला करून बोबोच बाहेर आली. म्हातारीला कसला पडदा! काठी टेकत ती थेट बैठकीच्या मधोमध येऊन उभी राहिली. "मी त्याच गोठ्यात होते. सून समजली, म्हातारी झोपली. त्या रात्री कोण झोपलं होतं रे? ती पोर घेऊन सरपटत गेली ते मी पाहिलं, आणि पोट भरलेली पोर घेऊन आली तेही पाहिलं. कुणाकडं गेली ते अंधारात दिसलं नाही, पण या दिलावरची गोष्ट ऐकून ऐकून काय समजायचं ते समजले."

पडद्यामागं सनोबरनं भिंतीला हात टेकला.

"झाल्या दोन बायका," कमांडर म्हणाला. त्याच्या मिशीखाली आता हसू आलं. "आता पुरुष आणा. बायकांच्या गोठ्यात पुरुष कुठून आणणार?"

 मुल्लानं पागोट्याच्या टोकानं कपाळ पुसलं. मग त्यानं वर पाहिलं, आणि खुदा जाणे कुठून, पण त्या घाबरट माणसाच्या अंगात त्या क्षणी बळ आलं. "कमांडरसाहेब," तो म्हणाला, "राग मानू नका. आपल्या बेगमसाहेबांचा कान कसा फाटला?"

"ते सगळ्या गावाला ठाऊक आहे! पळापळीच्या वर्षी गोठ्यात कुणाचं तरी तान्हं हिनं अंगावर घेतलं आणि त्या पोरानं बाळी..."

तो थांबला. बैठकीत सगळे थांबले.

"म्हणजे बेगमसाहेबांनी त्या रात्री एका परक्या तान्ह्याला दूध पाजलं, आणि त्यानं बाळी नेली, ही साक्ष आपली," मुल्ला म्हणाला. "मी स्वतः आपल्या तोंडून कितीदा ऐकलीय. इथं बसलेल्या प्रत्येकानं ऐकलीय. आणि बाळी कुणाच्या पेटीत निघाली ते समोर आहे. माझी मान एकच आहे, ती हवी तर आपण कापा. पण कयामतच्या दिवशी, भावाबहिणीचा निकाह लावला कुणी, असं विचारलं तर मला उत्तर देता यायचं नाही. आपल्यालाही नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ! वयस्कांपैकी एकाला हसू आवरेना, त्यानं खोकल्याचं निमित्त केलं. कमांडरनं त्याच्याकडं असं पाहिलं की खोकला जागच्या जागी बरा झाला.  माणसांशी लढता येतं. दुधाशी कोण लढणार? शिवाय पाप लागणार ते त्याच्याच मुलाला.

"बाळी आणा," तो शेवटी म्हणाला.

पडद्याखालून रऊफाचा हात आला. कमांडरनं बाळी घेतली. काळी पडलेली, इवलीशी. त्याच्या जाडजूड बोटांत ती धड धरताही येईना. मग तो बोलला ते कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

"त्या दुपारी आमची शुकूफा गेली होती," तो म्हणाला. "मी वर होतो. मला चार दिवसांनी कळलं."

गावानं त्याच्या तोंडून हे नाव कधी ऐकलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या त्या हसवणाऱ्या गोष्टीत शुकूफा कुठंच नव्हती. पडद्यामागं रऊफाचा हुंदका ऐकू आला, आणि यासीननं आपलं उपरणं डोळ्यांना लावलं. तो तर बिचारा लावायला टपलेलाच असायचा.

"मुल्लासाहेब," कमांडर म्हणाला, "म्हणजे ती माझी कोण लागते?"

"मुलगी. दुधानं. आपल्यापुढं तिला पडदासुद्धा नाही."

"बोलवा तिला."

नीलाब आली. डोक्यावर ओढणी, चेहरा उघडा. सगळं तिनं पडद्यामागून ऐकलं होतं. कमांडरनं तिला खालून वर पाहिलं. "तूच काय तो जवान," तो म्हणाला. "कान फाडणारा." मग घसा साफ करून म्हणाला, "बाप झालो की काहीतरी द्यावं लागतं. रीत आहे. बोल, काय पाहिजे? कपडे? बांगड्या?"

सनोबरनं पडद्याला डोळा लावला. मनात म्हणाली, पोरी, आता गप्प बस, बांगड्या माग आणि सुटून ये.

पण गप्प बसायला पोरगी कुणावर गेली होती? ती म्हणाली, "मला दहावीला जायचंय. पण पुलावर तुमची माणसं दोरी बांधून बसतात. मोठ्या मुलींना परत पाठवतात. म्हणतात, घरी जाऊन भाकऱ्या भाज."

"माझी माणसं?" कमांडरनं भुवया चढवल्या. जणू काही पूल दुसऱ्याच देशात होता.

"तुमचीच," बोबो म्हणाली. "आणि तुलाही ते माहीत आहे, दिलावर. उगाच लहान पोरासारखं तोंड करू नकोस."

कमांडरनं मुल्लाकडं पाहिलं. मुल्ला गालिच्याची नक्षी निरखत होता. भावांकडं पाहिलं, ते बदाम शोधत होते. "मुलगी होऊन घटका झाली नाही आणि बापाला जाब विचारते!" तो पुटपुटला. मग हात झटकला. "जा. सांगतो मी त्यांना. माझ्या मुलीला कुणी अडवणार नाही."

मंडळी उठली. यासीन सगळ्यांना दारापर्यंत पोचवून आला आणि अंगणात उभ्या उभ्या 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणत राहिला. सनोबर मात्र सरळ स्वयंपाकघरात गेली. गेले कित्येक दिवस घशाखाली घास उतरला नव्हता. तिनं कालची भाकरी काढली, दह्यात बुडवली आणि उभ्यानंच खायला लागली. एक झाली, दुसरी घेतली.

बोबो काठी टेकत आत आली. सनोबरनं घास गिळला. "बोबोजान, तुम्हाला ठाऊक होतं. आणि तरी तुम्ही गावभर सांगत होता, माझ्या सुनेच्या दुधाला तोड नाही..."

"मग काय सांगायचं होतं? माझी सून कोरडी आहे?" बोबो म्हणाली. "लोकांची तोंडं आधी बंद करून ठेवली की ती उघडत नाहीत. मूर्ख कुठली. तुला काय वाटलं, टोमणा मारतेय?"

सनोबरनं दह्यात आणखी एक तुकडा बुडवला. तिला वाटलंच होतं.

"आणि यावेळी?" तिनं विचारलं. "मी बोलले नसते तर?"

"तर निकाहाच्या दिवशी मी बोलले असते. पण आधी तुझी वाट बघायची ठरवलं. तुझी लाज होती, तीही तूच मोडायला हवी होतीस." म्हातारी खाली बसली, पाय लांब केले. "आता ती भाकरी इकडं दे. माझ्याही पोटात चार दिवस काही नाही."

गावात ही गोष्ट पसरायला संध्याकाळ पुरली. आणि मग एक गंमत झाली. त्या गोठ्यात काय एकट्या सनोबरचंच दूध आटलं होतं? विहिरीवर, तंदूरपाशी, बायका एकमेकींकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या. शेवटी सुताराची बायको म्हणाली, "बाई, सांगून टाकते, माझ्या थोरलीला त्या रात्री रऊफानंच घेतलं होतं." दुसरी म्हणाली, "माझ्या पोरीला पण." तिसरी तर त्या वर्षी गावातच नव्हती, पण तिनंही मान डोलावली. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, हे एका रऊफाला ठाऊक. आणि रऊफा म्हणायची, "अंधार होता बाई. दूध भरपूर होतं. मी कुणाला नाही म्हणाले नाही."

नौरोज झाला. जर्दाळूची झाडं फुलली. शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी पुलाकडं नीलाब निघाली, शाळेचा काळा पोशाख, डोक्यावर पांढरी ओढणी. मागे निळ्या चादरीत सनोबर आणि रऊफा. आणि त्यांच्या मागून गल्लीगल्लीतून एकेक पांढरी ओढणी येऊन मिळायला लागली.

पुलावर दोरी होती. पहारेकरी उठून उभा राहिला. "कोण तू?" त्यानं नीलाबला विचारलं.

"कमांडरसाहेबांची मुलगी."

त्याला हुकूम मिळालेला होता. त्यानं दोरी खाली केली. नीलाब पलीकडं गेली. तो दोरी वर करणार एवढ्यात सुताराची मुलगी पुढं आली.

"तू कोण?"

"कमांडरसाहेबांची मुलगी."

"तूही?" त्यानं पाहिलं, तर तिच्या मागं आणखी एक, तिच्या मागं आणखी. रांग वळणापर्यंत गेली होती. पहारेकऱ्याच्या हातातली दोरी तशीच खाली लोंबत राहिली. "अरे, कमांडरसाहेबांना मुली आहेत तरी किती?"

निळ्या चादरीतून रऊफाचा पाय पुढं आला आणि तिनं दोरी आणखी जरा खाली दाबली.

"जाऊन त्यांनाच विचार," ती म्हणाली. "आणि माझा कान कसा फाटला, तेही विचार."